कोणत्या भाजीला कोणती फोडणी? (घरचा अभ्यास)



या वेळचा अभ्यास स्वयंपाकघरातला आहे. वही-पेन घ्या आणि मिसळणाचा डबा जवळ ठेवा. हा पाठ फक्त भगिनींसाठी आहे असं समजू नका हं. नोकरी-शिक्षणासाठी बाहेर राहणारी आपली कितीतरी मुलं-मुली आज स्वतःच्या हातानं स्वयंपाक करतात. त्यांच्यापर्यंत तर हा नक्की पोचवा.

*हा विषय का घेतला?*

सेवेतल्या भगिनी भाजी निवडायला बसतो तेव्हा गप्पा होतातच. एकदा सहज प्रश्न निघाला, "गवारीत ओवा का घालायचा?" उत्तरं आली ती अशी : "सासूबाई घालायच्या." "आमच्याकडे पद्धतच आहे." "ओव्याशिवाय ती गवार लागतच नाही." सगळ्यांचे हात बरोबर चालत होते, पण कारण एक-दोघींनाच सांगता आलं.

आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, गोवा, हैदराबाद असे दूरदूर विखुरलेले. घरात आजी-सासूबाई होत्या तोवर "का" विचारायची गरज पडली नाही. बघून बघून हात शिकला. आता मुलगी पुण्याला, सून बंगळूरला, मुलगा परदेशात. त्यांना बघून शिकायची सोय नाही, मग ती काय करतात? एकच तयार मसाल्याचं पाकीट आणतात आणि दुधी, फ्लॉवर, चवळी, सगळ्यात तेच घालतात. सगळ्या भाज्या एकाच चवीच्या होतात. त्यातल्या बऱ्याच पाकिटांत मीठ आधीच असतं, वर आपण पुन्हा घालतो. आणि घरातले आजी-आजोबा "कडधान्य सोसत नाही रे बाबा" म्हणून ताट बाजूला सारतात. वयस्कर माणसाच्या जेवणातली उसळ अशी सुटली की त्यांच्या पोटात जाणारी प्रथिनंही कमी होतात. म्हणून हा विषय फक्त चवीचा नाही.

*पहिलं सूत्र : आधी भाजीची अडचण ओळखा*

आपल्या जुन्या स्वयंपाकात मसाला भाजीवर नुसता चढवलेला नसतो. प्रत्येक भाजीची, डाळीची काहीतरी एक अडचण असते. कुणी जड, कुणी मिळमिळीत, कुणी कडू, कुणी खाजरी. ती अडचण दूर करणारा सोबती तिच्याबरोबर दिलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. नवी भाजी हातात आली तरी आपण विचारू शकतो, "बाई गं, तुझं अडतंय कुठे?"

आता एकेक अडचण घेऊ.

*१) जड आणि वातूळ : गवार, घेवडा, वाल, हरभरा, राजमा, उडीद*

सोबती : हिंग, ओवा, आलं, सुंठ, जिरं.

कडधान्यात काही साखरेचे प्रकार असे असतात की आपल्या लहान आतड्यात ते पचतच नाहीत. ते तसेच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. म्हणून पहिला उपाय मसाल्याच्याही आधीचा. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर आणखी बरं. यानंतर फोडणीत हिंग, ओवा नाहीतर आलं.

जोड्या लक्षात ठेवा. गवार आणि घेवड्याला ओवा, पाव किलोला पाव चमचा पुरे. हरभऱ्याच्या डाळीला हिंग. उडदाला हिंग, आलं आणि मिरी. मुगाला जिरं आणि आलं पुरतं, कारण मूग मुळात हलका. तुरीच्या वरणाला हिंग-हळद, वर साजूक तूप आणि लिंबू. कुळथाच्या पिठल्याला आमसूल. ज्या घरी लसूण चालते तिथे लसणीची फोडणी.

ओवा मात्र जपून. त्याचा वास तीव्र असतो, जास्त झाला की भाजी औषधासारखी लागते. हातावर थोडा चोळून टाकला की कमी ओव्यात काम होतं.

हिंगाबद्दल दोन शब्द. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. आपल्याकडे तो बहुतेक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या भागांतून येतो. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात २०२० साली लागवडीचा प्रयोग सुरू झाला. डबीत मिळतो तो बहुधा बांधानी हिंग, म्हणजे खऱ्या हिंगात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचं बारीक अक्षर जरूर वाचावं. उपासाच्या पदार्थांत हिंग टाळतात त्यामागे हे पीठही एक कारण आहे.

ज्या घरी कांदा-लसूण नसतो तिथे तर हिंगाशिवाय पान हलत नाही. कांद्या-लसणीला जो उग्र खमंगपणा असतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि हिंगातही तीच मंडळी असतात. म्हणून तुपात फुललेला चिमूटभर हिंग कांद्याची उणीव भासू देत नाही.

*२) खाजरी : अळू, सुरण, अरवी*

सोबती : चिंच, आमसूल, ताक, लिंबू. काहीतरी आंबट हवंच.

अळूच्या पानात आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. घशाला खवखवतं ते त्यांच्यामुळे. म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच, अळूवडीच्या पिठात चिंच-गूळ, सुरणाच्या काचऱ्या आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात आधी ठेवायच्या. आंबटाबरोबर दुसरी गोष्ट म्हणजे भरपूर शिजवणं. कच्चट राहिलं तर कितीही चिंच घाला, खवखवणारच. चिरताना हाताला तेल किंवा चिंच लावायला विसरू नका. अरवीला आंबटाबरोबर ओवाही देतात, कारण ती खाजरीही आणि जडही.

*३) गोडसर, मिळमिळीत : लाल भोपळा, रताळं, गाजर, बीट*

सोबती : मेथ्या, मोहरी, मिरची, आलं.

लाल भोपळ्याला मेथ्यांची फोडणी ही आपल्याकडची फार सुंदर जोडी. भोपळ्याचा गोडवा सरळ असतो, दोन घासांत कंटाळा येतो. मेथीची बारीक कडू धार आली की तोच गोडवा खुलतो. अर्ध्या किलोला पाव चमचा मेथ्या, लालसर होईपर्यंतच परता. काळ्या झाल्या तर सगळी भाजी कडू.

गाजर-बिटाच्या कोशिंबिरीला मोहरी-मिरचीची फोडणी आणि दही किंवा लिंबू. रताळ्याला उपासात जिरं-मिरची, गोड करायचं असेल तर वेलची.

*४) कडू : कारलं, मेथीची भाजी*

सोबती : गूळ, चिंच, तीळ, खोबरं, दाण्याचं कूट, कारळं.

कडूपणा झाकायला तिखट वाढवणं हा हल्लीचा मार्ग. त्यानं कडू आणि तिखट दोन्ही अंगावर येतं. गूळ आणि चिंच मिळून कडूला मऊ करतात. तीळ, खोबरं, कूट यांतलं तेल जिभेवर पसरतं, त्यामुळे कडू कमी बोचतं. मेथीच्या भाजीत मुगाची डाळ घालतात तिचं कामही हेच, आणि पोषणही वाढतं. कारल्याचा कडूपणा पूर्ण घालवायचा अट्टहास नको. आपल्या पंगतीत षड्रस म्हटलेत : मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. त्यातला तिक्त म्हणजे कडू. आठवड्यातून एकदा मुलांच्या ताटात दोन फोडी पडू द्या. सवयीनंच जिभेला वळण लागतं.

*५) बुळबुळीत : भेंडी*

सोबती : आमसूल, लिंबू, आमचूर, दही.

भेंडी धुऊन कोरडी पुसून मगच चिरा. आंबट घातल्यानं बुळबुळ कमी होते. झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला. धणे-जिरे पूड या भाजीला छान लागते. इतर मसाल्यांची गर्दी नको.

*६) उग्र वासाच्या : कोबी, फ्लॉवर, मुळा*

सोबती : आलं, हिंग, हिरवी मिरची, ओलं खोबरं.

कोबी जास्त शिजला की त्याचा वास घरभर पसरतो. म्हणून कोबी कमी शिजवणं हाच पहिला मसाला समजा. वर हरभऱ्याची डाळ, कढीपत्ता, मिरची आणि खोबरं. फ्लॉवरला आलं आणि धणे-जिरे पूड. मुळ्याला ओवा किंवा हिंग, पीठ पेरून केला तर उत्तम.

*७) स्वतःची चव थोडी : बटाटा, दुधी, पडवळ, तांदूळ*

यांना ज्याची संगत मिळेल तशी ती होतात. माणसांसारखंच म्हणा ना! बटाट्याला हिंग-जिरं-आलं, दुधीला जिरं आणि ओलं खोबरं, पडवळाला डाळ आणि खोबरं. दही-भाताला हिंग, कढीपत्ता आणि आलं. इथे मोह होतो सगळंच घालायचा. आम्ही म्हणू, दोनच सोबती निवडा. दुधीत गोडा मसाला घातला तर दुधी राहतच नाही, नुसता मसाला राहतो.

गोडा मसाला मग कुठे घालायचा? धणे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर असा त्याचा घाट. त्याला चिंच-गुळाची जोडी लागते. म्हणून आमटी, भरली वांगी, तोंडली, मसालेभात हे त्याचं घर. पालेभाजी, कोबी, दुधी हे नाही.

*दुसरं सूत्र : कोण आधी, कोण नंतर*

जोडी बरोबर असून वेळ चुकली तर निम्मं काम वाया जातं. मसाल्यांचा सुगंध बहुतेक तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून तर फोडणी. पण प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगळी.

▪️ आधी मोहरी. ती पूर्ण तडतडू द्या. अर्धवट राहिली तर कडवट लागते.
▪️ मग जिरं, मेथ्या किंवा ओवा. काही सेकंदच.
▪️ मग आच मंद करून हिंग, मिरची, कढीपत्ता.
▪️ मग हळद. ती फार लवकर करपते, म्हणून घालताच भाजी टाका.
▪️ लाल तिखट सगळ्यात नाजूक. ते फोडणीत घालायचं तर लगेच भाजी किंवा पाण्याचा हबका तयार हवा.
▪️ गोडा मसाला भाजी अर्धी शिजल्यावर.
▪️ कोथिंबीर, कसुरी मेथी, लिंबू गॅस बंद केल्यावर.

आंबटाचा एक नियम मात्र वेगळा लिहून ठेवा. *चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यानंतरच.* आंबटात डाळ आणि कडधान्य लवकर मऊ होत नाही. "कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी चवळी टणक" अशी तक्रार असेल तर आंबट आधी पडलंय का ते आधी बघा. जुनं कडधान्य आणि जड पाणी हीही कारणं असतात.

*आपल्या गावांनी शिकवलेल्या जोड्या*

आपण जिथे राहिलो तिथलं बरंच काही आपल्या स्वयंपाकात आलं. ती आपली कमाई आहे, लपवायची गोष्ट नाही.

*गोवा :* खतखत्यात कितीतरी भाज्या आणि कंदमुळं एकत्र येतात. जड आणि खाजरी दोन्ही. म्हणून त्यात तिरफळं आणि सोलं. पाच-सहा तिरफळं पुरतात. आतली काळी बी काढून टाकायची आणि साल ठेचून घालायची. जेवताना ती चावायची नाहीत, जीभ बधिर होते. आणि तिरफळ म्हणजे त्रिफळा चूर्ण नव्हे हं! इंदूरच्या मंडळींचा इथे हमखास घोटाळा होतो.

*बेळगाव :* ब्याडगी मिरची. रंग गडद आणि तिखटपणा बेताचा, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या आमटीलाही चालते. आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर कारळ्याची चटणी. कोरडी भाकरी आणि तेलकट कारळं, किती नेमकी जोडी बघा.

*इंदूर :* पोह्यांत बडीशेप. पोहे वाफेवर गरम राहतात आणि वर जिरावण भुरभुरतात. सकाळी सकाळी पोट जड होऊ नये याला बडीशेपेची मदत. भुट्ट्याच्या कीसाला दूध असतं, म्हणून त्याला हिंग-जिऱ्याची फोडणी.

*ग्वाल्हेर :* उडीद डाळीच्या बेडईत हिंग, बडीशेप, धणे. उडीद जड, वर तळलेलं. तिथे हिंग नसेल तर दुपारभर झोपच यायची.

*बडोदा :* उंधियोत पापडी आणि कंद, म्हणून ओवा. वर मेथीची मुठियां. कढीत लवंग-दालचिनी आणि किंचित गूळ, कारण ताक आंबट आणि थंड.

*हैदराबाद :* बघारे बैंगन आणि मिरचीचं सालन, दोन्हींत तीळ, दाणे, खोबरं, चिंच. मिरचीचा तिखटपणा तिळाच्या-दाण्याच्या तेलानं शांत होतो. आपल्या भरल्या वांग्याची ही सख्खी मावसबहीणच.

गावं वेगळी, भाषा वेगळ्या, पण सगळीकडे विचार तोच. आधी पदार्थाची अडचण, मग सोबती.

*नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून*

वाण्याकडे मराठी नाव चालत नाही अशी नव्या सुनांची अडचण असते. म्हणून हे जपून ठेवा :

ओवा : हिंदीत अजवाइन, गुजरातीत अजमो, तेलुगूत वामु.
बडीशेप : हिंदीत सौंफ, गुजरातीत वरियाळी.
कढीपत्ता : हिंदीत मीठा नीम, गुजरातीत मीठो लीमडो, तेलुगूत करिवेपाकु.
कारळं : हिंदीत रामतीळ, कन्नडात गुरेळ्ळु.
हिंग : कन्नडात इंगु, तेलुगूत इंगुवा.
अंबाडी : तेलुगूत गोंगूरा.

*नैवेद्याचा स्वयंपाक*

नैवेद्य दाखवण्याआधी आपण चाखत नाही. रोजच्या स्वयंपाकात जीभ सांगते, "मीठ कमी आहे." नैवेद्याला ती मदत नाही. म्हणून तिथे खरी परीक्षा असते. जोडी माहीत हवी, माप माहीत हवं आणि नाक तयार हवं. जिरं झालं हे वासानं कळतं, मेथ्या लाल झाल्या हे डोळ्यांनी कळतं, मोहरी झाली हे कानांनी कळतं.

महाप्रसादाला माणसं वाढली की आणखी एक गोष्ट. चार माणसांचं माप पंचवीसनं गुणून शंभर माणसांचा हिंग, लवंग, मिरी, तिखट एकदम ओतू नये. मोठ्या पातेल्यातून वाफ तेवढी उडून जात नाही, पदार्थ बराच वेळ गरम राहतो आणि तीव्र मसाले अंगावर येतात. हिशोबाच्या तीन-चतुर्थांश घाला आणि वहीत लिहा. नैवेद्य झाल्यावर, वाढपाच्या आधी चव बघून मीठ-लिंबू सावरता येतं. जास्त झालेला हिंग मात्र परत काढता येत नाही. ही वही पुढच्या वर्षीच्या सेवेकऱ्यांच्या हातात द्या.

*मीठ कमी करायला मसाला मदत करतो*

आपल्या घरांत रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी ना कुणी आहेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे साधारण एक सपाट लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. "आजपासून बेचव खा" म्हणून चालत नाही, दोन दिवसांत माणूस कंटाळतो. इथे आपले सोबती कामाला येतात. दह्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरणावर लिंबू, काकडीवर मिरपूड, ताकात आलं आणि कोथिंबीर. आंबट आणि खमंग असलं की मीठ कमी आहे हे जिभेच्या पटकन लक्षात येत नाही.

तीन ठिकाणी सावध राहा. तयार मसाल्यांच्या पाकिटांवर मीठ लिहिलंय का ते बघा. कोकमाच्या आगळात मीठ असतं, तेव्हा सोलकढीत वेगळं मीठ घालण्याआधी ते लक्षात घ्या. आणि "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

*एक कळकळीची विनंती*

आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर निरोप फिरतात. "रोज मेथ्यांचं पाणी प्या, साखरेची गोळी बंद होईल." "हळदीनं अमुक रोग पळतो." असे निरोप कृपया पुढे पाठवू नका. मेथी, हळद, दालचिनी हे स्वयंपाकाचे सोबती आहेत, डॉक्टरांची जागा घेणारे नाहीत. कुणा आजोबांनी निरोप वाचून गोळी सोडली तर त्यांचं नुकसान कोण भरून देणार? भाजीत घालतो तेवढी हळद खुशाल खा. त्याच्या गोळ्या-काढे घ्यायचे असतील, आणि विशेषतः रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, तर आधी विचारा. जायफळ पुरणात, श्रीखंडात चिमूटभरच. जास्त प्रमाणात ते विषारी ठरतं, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपा.

*मसाले जपायचे कसे?*

अख्खे मसाले पुडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. धणे-जिरे पूड महिन्यापुरतीच करा. डबा गॅसच्या वरच्या फळीवर नको, तिथे ऊब आणि वाफ दोन्ही लागतात. ओला चमचा डब्यात नको. वास बघा. ज्या जिऱ्याला वासच उरला नाही, ते चार चमचे घालूनही काही करणार नाही.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

सोम : ओवा घालून गवार किंवा घेवडा.
मंगळ : मेथ्यांच्या फोडणीचा लाल भोपळा.
बुध : मुगाची उसळ, आलं-जिरं, शिजल्यावर आमसूल.
गुरु : ज्यांचा उपास असेल त्यांनी जिरं-मिरीची कच्च्या केळ्याची भाजी. बाकीच्यांनी हिंगाची हरभरा डाळ घालून दुधी.
शुक्र : अळू किंवा सुरण, चिंच घालून.
शनि : दुसऱ्या गावची एक जोडी. बडोद्याच्या घरी खतखतं, गोव्याच्या घरी इंदुरी पोहे.
रवि : घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीच्या हातची किंवा त्यांनी सांगितलेली भाजी.

रविवारचा भाग सर्वांत महत्त्वाचा. आजी, काकू, मावशी, सासूबाई, जे कुणी असतील त्यांच्याजवळ मुलांना बसवा. त्यांना तीन जोड्या विचारा आणि प्रत्येकीपुढे "का" असा रकाना करा. उदाहरणार्थ, "पुरणाला जायफळ. का?" "आमरसात सुंठ आणि तूप. का?" उत्तर "आमची पद्धत" असं आलं, तर मुलांनी आणखी एकदा विचारावं, "पण आजी, नाही घातलं तर काय होतं?" मग बघा, आजी बोलायला लागतात. ज्या आजींना ऐकू कमी येतं त्यांच्यासमोर डबाच उघडून ठेवा, त्या बोट दाखवून सांगतील.

लिहिलेलं पान आपापल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल, आम्ही सेवेतल्या भगिनी ते उतरवून घेऊ. सगळ्या गावांच्या जोड्या एकत्र करून बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी एक छोटी यादी करायचा विचार आहे. त्यात भाजी, तिची अडचण, सोबती आणि माप असे चारच रकाने असतील. पाठवताना गावाचं नाव आणि "कांदा-लसूण चालतो / चालत नाही" एवढं आठवणीनं लिहा.